ती गोळी कोणी बंद केली?

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी पेशंटला तपासायला गेले की मी आधी पिशवी मागते, बीपी वगैरे नंतर. प्रत्येकाकडे एक पिशवी असतेच, बहुतेक वेळा कुठल्यातरी साडी सेंटरची जाड प्लॅस्टिकची, आणि तिच्यात घड्या घालून घालून फाटायला आलेले कागद, एक्स-रे, दोनतीन दवाखान्यांच्या फायली, आणि अगदी तळाला गोळ्यांच्या अर्ध्यामुर्ध्या पट्ट्या. मी ती सगळी कॉटवर ओतते. घरच्यांना ते फारसं आवडत नाही, सुनेला वाटतं मॅडम आपल्यावर विश्वास ठेवत नाहीत. पण मी तेवीस वर्षं भूल देतेय, कोल्हापुरातल्या कितीतरी छोट्यामोठ्या दवाखान्यांत, आणि पेशंट तोंडाने जे सांगतो त्याच्या दुप्पट त्याची पिशवी सांगते हे मी अनुभवाने शिकलेय.

मागच्या वर्षी राजारामपुरीतल्या एका नर्सिंग होममध्ये असेच एक आबा होते. कागलच्या बाजूचे, अठ्ठावन्न वय, अंगानं काटक, तरुणपणी तालमीत गेलेले, कान बघूनच कळत होतं. हर्नियाचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी.

"आबा, काही आजार? शुगर, बीपी?"

"काय न्हाई."

"आधी कधी ऑपरेशन झालंय?"

"काय न्हाई बगा मॅडम. एकदम ओके."

ईसीजी हातात घेतला आणि एकदम ओके काही नव्हतं. हृदयाच्या पुढच्या भागाला अटॅक येऊन गेल्याच्या खुणा त्यात सरळ दिसत होत्या. पिशवी ओतली. तळाला एक पट्टी, अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल एकत्र असलेली, दहातल्या चार संपलेल्या आणि सहा तशाच. मी म्हटलं, आबा, ही कसली गोळी? तेव्हा त्यांचा मुलगा म्हणाला, "ते व्हय, ते हातातनं स्प्रिंग बसवल्याली न्हवं का."

स्प्रिंग. कोणी जाळी म्हणतं, कोणी स्प्रिंग, कोणी नुसतं "ते हार्टचं". अँजिओप्लास्टी झालेली असते, म्हणजे अरुंद झालेली हृदयाची रक्तवाहिनी उघडून आत जाळी, स्टेंट, बसवलेला असतो, पण विचारलं तर ऑपरेशन झालेलं नसतं, कारण माणसाच्या हिशोबात ऑपरेशन म्हणजे भूल, टाके, आठ दिवस पडून राहणं. इथं तर मनगटातनं तार घालून केलेलं, टाका एक नाही, तिसऱ्या चौथ्या दिवशी घरी. मग ते सांगायचं कशाला, त्याचा आणि हर्नियाचा संबंध काय? ते खोटं बोलत नसतात हो. माझा प्रश्नच त्यांच्यापर्यंत पोचत नाही. आता मी "हृदयात स्प्रिंग, जाळी, फुगा, काही केलंय का" असं विचारते आणि वर "छातीत दुखून कधी अ‍ॅडमिट होता का" हेही विचारते.

अटॅक येऊन, स्टेंट पडून दहा आठवडे झाले होते. आणि गोळी पाच दिवसांपासून बंद होती.

"कोणी बंद करायला सांगितली?"

मुलगा बायकोकडे बघतो, बायको सासऱ्याकडे. शेवटी कळलं ते असं, की गावातल्या मेडिकलमध्ये दुसरंच काहीतरी आणायला गेल्यावर ऑपरेशनचा विषय निघाला आणि काऊंटरवरच्या पोरानं सांगितलं की रक्त पातळ व्हायची गोळी ऑपरेशनच्या आधी पाच दिवस बंद करावी लागते. त्या पोराचं पूर्ण चुकलंही नव्हतं, पाच दिवस हा आकडा बरोबरच आहे. पण हा आकडा ज्याला लागू होतो तो माणूस वेगळा.

सगळं तिथं थांबवलं. सर्जनना फोन केला, त्यांनी स्टेंट टाकलेल्या डॉक्टरांना गाठलं, त्यांनी त्याच रात्री जास्त डोस देऊन गोळी पुन्हा सुरू करायला लावली आणि ऑपरेशन कॅन्सल. आबा माझ्यावर भयंकर चिडले. ऊस तुटून गेला होता, शेतात आता जरा सवड होती, मुलानं रजा काढली होती, आणि ही बाई म्हणते वर्षानं या. "वर्षभर हे असंच धरून हिंडू व्हय?" असं म्हणाले आणि तोंड फिरवून बसले. त्यांचा राग मला समजत होता, पण हर्निया हातानं आत जात होता, अडकलेला नव्हता, तो थांबू शकत होता.

स्टेंट किती जुनी गोष्ट आहे असं वाटतं ना आता, गल्लीत चार घरं सोडून कोणाला ना कोणाला असतोच. पण हे सगळं एका आयुष्यात मावेल एवढंच आहे. १९७७ मध्ये झुरिचला आंद्रेआस ग्रुन्झिग यांनी पहिल्यांदा जाग्या माणसाच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत फुगा फुगवला. फुग्यानं उघडलेली वाहिनी पुन्हा मिटायची, म्हणून १९८६ मध्ये फ्रान्समधल्या तुलूजला जाक प्युएल यांनी आणि त्याच सुमारास स्वित्झर्लंडमध्ये उलरिच सिगवार्ट यांनी आत धातूची जाळी ठेवायला सुरुवात केली. आणि तेव्हापासूनच पुढचा घोळ सुरू झाला, कारण उघडा धातू रक्ताला दिसला की रक्त त्याच्यावर गोठतं. सुरुवातीच्या काळात कसली कसली औषधं देऊन बघितली, त्यानं रक्तस्राव व्हायचे आणि जाळीही बंद पडायची. शेवटी प्लेटलेटवर काम करणारी दोन औषधं एकत्र दिली की जाळी उघडी राहते हे लक्षात आलं आणि मग स्टेंट खऱ्या अर्थानं सगळीकडे गेला. म्हणजे त्या दोन गोळ्या नसत्या तर स्टेंटही नसता. हे मी प्रत्येक पेशंटला सांगत बसते.

मी गावाकडच्या लोकांना स्लॅबचं उदाहरण देते. स्लॅब टाकला की दुसऱ्या दिवशी तो घट्ट दिसतो, त्यावर उभंही राहता येतं, पण पुढे कितीतरी दिवस आपण त्याला पाणी मारतो की नाही, आळी करून पाणी साठवून ठेवतो. स्टेंट तसाच. टाकल्या दिवशी छातीतलं दुखणं थांबतं, माणूस चालायला लागतो, पण आतला धातू अजून उघडाच असतो. त्याच्यावर आपल्या वाहिनीच्या आतल्या कातडीचा पातळ थर यायला वेळ लागतो. साध्या धातूच्या स्टेंटला महिना-दीड महिना. मग २००३ च्या आसपास औषध लावलेले स्टेंट आले, ते औषध वाहिनी पुन्हा अरुंद होऊ देत नाही, फार मोठी गोष्ट झाली ती, पण तेच औषध हा थर यायलाही उशीर लावतं. म्हणून गोळ्या आणखी जास्त दिवस. हे सांगितलं की लोकांच्या डोळ्यांत मी बघते, कळलेलं असतं. "म्हंजे पानी मारायचं बंद करायचं न्हाई," एक गवंडी मामा मला म्हणाले होते. बरोब्बर तेच.

आणि ऑपरेशन म्हणजे शरीराच्या दृष्टीनं जखमच. कुठलीही जखम झाली की शरीर रक्त गोठवायच्या तयारीला लागतं, प्लेटलेट चिकट होतात, नाडी वाढते, बीपी वरखाली होतं. म्हणजे जेव्हा जाळीत गुठळी व्हायची भीती सगळ्यात जास्त, नेमक्या त्याच दिवसांत आपण ती गोळी काढून घेतो. २००० साली अमेरिकेतल्या एका हृदयरोगाच्या जर्नलमध्ये चाळीस पेशंटची माहिती छापून आली होती, स्टेंट टाकल्यापासून सहा आठवड्यांच्या आत ज्यांची दुसरी कुठली तरी ऑपरेशनं झाली असे लोक. चाळीसातले आठ गेले. सात जणांना अटॅक आला, अकरा जणांना मोठा रक्तस्राव झाला. आणि सगळे मृत्यू, सगळे अटॅक हे स्टेंटनंतर चौदा दिवसांच्या आत ऑपरेशन झालेल्यांमधले. मी शिकत असताना आमच्या सरांनी तो लेख वाचायला दिला होता. वाचला, परीक्षेत लिहिला, मार्क मिळाले. तो अंगात उतरला मात्र नंतर, आणि कसा उतरला ते सांगते.

२००९ ची गोष्ट. हॉस्पिटलचं नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही, कारण जे झालं ते तेव्हा कुठंही होऊ शकलं असतं. प्रोस्टेटचं ऑपरेशन होतं. काका साखर कारखान्यातून रिटायर झालेले, आयुष्यभर काट्यावर ट्रॉल्यांचं वजन घेतलेलं. पाच महिन्यांपूर्वी स्टेंट पडलेला, औषधवाला. आदल्या दिवशी मी बघायला गेले, कागद बघितले, आणि विचारलं, "काका, रक्त पातळ व्हायच्या गोळ्या बंद आहेत ना?"

"दहा दिवस झाले, दोन्ही बंद."

"छान."

मी छान म्हटलं. हा शब्द मला आजही ऐकू येतो. कारण मला भूल देण्यासाठी पाठीत सुई घालायची होती. क्लोपिडोग्रेल चालू असताना पाठीत सुई घातली आणि मणक्याच्या पोकळीत रक्त साचलं तर तिथं जागाच नसते, ते रक्त मज्जारज्जूवर दाब देतं आणि पाय जाऊ शकतात कायमचे. त्याची भीती आम्हा भूल देणाऱ्यांच्या डोक्यात पक्की बसवलेली असते. माझ्या बाजूनं मी सुरक्षित झाले म्हणून मी छान म्हटलं. सर्जनना ऑपरेशनमध्ये रक्त जास्त जायला नको होतं, तेही सुरक्षित झाले. त्या काकांच्या हृदयातल्या पाच महिन्यांच्या जाळीच्या बाजूनं त्या खोलीत कोणीच बोलत नव्हतं. गोळ्या कोणी बंद केल्या? हॉस्पिटलचा एक छापील कागद होता, सगळ्यांना दिला जायचा, त्यात बाकी सूचनांबरोबर एक ओळ होती, "रक्त पातळ होण्याच्या गोळ्या बंद कराव्यात". बस. स्टेंट टाकलेल्या डॉक्टरांना एक फोन कोणी केला नव्हता, मी पण नाही.

आणि औषधवाल्या स्टेंटनंतर वर्षभर दोन्ही गोळ्या चालू ठेवा, थांबणारी ऑपरेशनं थांबवा, हे २००७ सालीच अमेरिकेतल्या हृदयरोगाच्या मोठ्या संस्थांनी एकत्र येऊन सांगितलेलं होतं. मी ते वाचलेलं होतं. काकांचं ऑपरेशन थांबलं असतं, लघवीची नळी ठेवून, गोळ्यांवर, काही महिने निघाले असते.

ऑपरेशन छान झालं. पाठीतली भूल असल्यामुळे काका जागे होते, मला गळिताच्या हंगामाच्या गोष्टी सांगत होते, रात्री तीन वाजता काट्यावर बैलगाड्यांची रांग कशी लागायची, बैलांच्या नाकातनं वाफ कशी निघायची. रात्री साडेदहाला सिस्टरचा फोन आला, पेशंटला घाम आलाय, छातीत जड वाटतंय म्हणतात. मी पोचले तेव्हा मॉनिटरवरची रेघ बघूनच कळलं. तिथं कॅथलॅब, म्हणजे अँजिओप्लास्टी करायची खोली, नव्हती. अँब्युलन्समध्ये मी त्यांच्या शेजारी बसले होते, मुलगा पुढे ड्रायव्हरजवळ, मांडीवर काकांसाठी आणलेला जेवणाचा डबा तसाच. दुसरीकडे नेऊन वाहिनी उघडायचा प्रयत्न झाला, स्टेंट पूर्ण बंद पडला होता. पहाटे गेले.

मुलगा मला काही बोलला नाही. "तुम्ही आलात सोबत," एवढंच म्हणाला, उलट माझेच आभार मानले. त्यानं मला चार शिव्या दिल्या असत्या तर मला जरा सोपं गेलं असतं. त्या रात्रीनंतर मी तो प्रश्न बदलला. आता "गोळी बंद आहे ना" असं कधीच विचारत नाही, "कोणी बंद केली आणि कोणाला विचारून केली" असं विचारते.

मला या "रक्त पातळ व्हायची गोळी" या नावाचाच राग आहे. ऐकलं की वाटतं रक्तात पाणी घातल्यासारखं काहीतरी होत असेल, आणि मग कोणालाही वाटतं की कापाकापीच्या आधी ते थांबवलंच पाहिजे. तसं काही होत नसतं. रक्तात प्लेटलेट असतात, डेंग्यूमुळे आता हा शब्द सगळ्यांना पाठ झालाय, त्या एकमेकींना चिकटून गुठळीची सुरुवात करतात. अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल त्यांचा हा चिकटपणा घालवतात, आणि एकदा घालवला की त्या प्लेटलेटच्या उरलेल्या आयुष्यात तो परत येत नाही. तिचं आयुष्य सातदहा दिवसांचं. म्हणून आज गोळी सोडली तरी असर आज जात नाही, नव्या प्लेटलेट तयार होतील तसा हळूहळू जातो. क्लोपिडोग्रेलला पाच दिवस, तसल्याच प्रासुग्रेलला सात, हे हिशोब तिथून आलेले; टिकाग्रेलॉरची पकड मात्र आपोआप सुटते, त्याला तीन ते पाच. आणि वॉरफेरिन, जे झडप बदललेल्यांना देतात, त्याचं काम पूर्ण वेगळं, पण त्यालाही नाव तेच, रक्त पातळ. हेपॅरिनचं पोटातलं इंजेक्शन, त्यालाही तेच. त्यामुळे कधीकधी डॉक्टरसुद्धा गोळी बंद करून त्याच्या जागी हेपॅरिन देतात आणि सगळ्यांना वाटतं सोय झाली. पण हेपॅरिन प्लेटलेटचं काम अडवत नाही, स्टेंटला त्याचं संरक्षण मिळत नाही, रक्तस्राव तेवढा वाढतो.

घरात कोणाला स्टेंट असेल त्यांना उपयोग होईल म्हणून जरा सविस्तर सांगते, पण हे वाचून स्वतः काही बंद किंवा सुरू करू नका, प्लीज. अटॅक येऊन स्टेंट पडला असेल तर थांबू शकणारं ऑपरेशन वर्षभर थांबवावं. अटॅक नव्हता, ठरवून टाकला असेल तर सहा महिने. कॅन्सरसारखं काही असेल, फार थांबता येत नाही, तर तीन महिने तरी काढायचा प्रयत्न असतो. आणि पहिल्या महिन्यात फक्त जीव वाचवायचा असेल तरच. दुसरी गोळी काही दिवस थांबवावी लागली तरी अ‍ॅस्पिरिन शक्यतो चालूच ठेवतात, ऑपरेशनच्या दिवशी सकाळीसुद्धा. मेंदूचं, मणक्याच्या आतलं, डोळ्याच्या मागच्या पडद्याचं, असं जिथं थोडंसं रक्तही बंद जागेत साचून घात करतं, तिथं वेगळा विचार करावा लागतो. मोतीबिंदूला आणि दात काढायला तर गोळ्या बंद करायची बहुतेक वेळा गरजच नसते, हिरडीवर कापूस दाबून धरला, एखादा टाका घातला की रक्त थांबतं. आणि नेमक्या याच दोन गोष्टींसाठी लोक सगळ्यात जास्त वेळा परस्पर गोळी बंद करून येतात! एका दाढेसाठी हृदय पणाला लावलेली माणसं मी बघितलीत.

वर्षभर थांबा म्हणणं सोपं असतं, पण सगळं थांबत नाही. तीन वर्षांपूर्वी माझी मावशी पडली. मंगळवार पेठेतलं जुनं घर, मागच्या पडवीतली घसरडी फरशी, पावसाळ्याचे दिवस. मी पोचले तर जमिनीवर भिंतीला टेकून बसलेली, पाय बाहेरच्या बाजूला वळलेला, आणि मला बघून म्हणते, "घसरलो बघ गं. चहाचं आधण तसंच हाय, ते बंद कर आधी." खुब्यात हाड मोडलेलं. आणि चार महिन्यांपूर्वी स्टेंट, दोन्ही गोळ्या त्या दिवशी सकाळी घेतलेल्या.

खुबा मोडलेल्या म्हाताऱ्या माणसाला गादीवर ठेवून पाच दिवस गोळीचा असर जायची वाट बघणं म्हणजे न्यूमोनिया, पाठीला जखमा, पायात गुठळ्या, आणि कूस बदलताना होणारं ते ओरडणं. एकदोन दिवसांत करायलाच हवं असतं ते. रात्री अकरा वाजता आम्ही तिघं फोनवर होतो, हाडाचे डॉक्टर, हार्टचे डॉक्टर आणि मी. हाडाचे डॉक्टर माझ्या ओळखीचे, फार चांगला माणूस, पण त्यांनाही रक्ताची काळजी, म्हणाले, "मॅडम, निदान चार दिवस थांबूया का?" हार्टच्या डॉक्टरांनी विचारलं, थांबलात तर गोळीशिवाय चार दिवस जाळीला, आणि वर गादीवरचे चार दिवस फुप्फुसांना, मिळवलं काय? असं बोलत बोलत ठरलं. अ‍ॅस्पिरिन एक दिवसही बंद नाही. दुसरी गोळी फक्त ऑपरेशनच्या दिवसापुरती थांबवायची आणि रक्तस्राव आटोक्यात दिसला की लगेच सुरू. कॅथलॅब असलेल्या हॉस्पिटलमध्येच करायचं. रक्ताच्या दोन पिशव्या तयार. पाठीत सुई घालायची नाही, म्हणजे पूर्ण भूल, आणि दुखू नये म्हणून जांघेजवळ सोनोग्राफी मशीनवर बघत नसा बधिर करायचं इंजेक्शन, तिथं चुकून रक्त आलंच तर हातानं दाबून धरता येतं.

आपल्या माणसाला भूल देऊ नये म्हणतात, मी दिलीही नाही, माझ्या मैत्रिणीनं दिली. मी डोक्याशी उभी होते. रक्त जरा जास्त गेलं, खोटं कशाला सांगू, एक पिशवी चढवावी लागली. पुढचे दोन-तीन दिवस रोज ईसीजी, रोज ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाला धक्का बसलाय का ते सांगणारी रक्ताची तपासणी, कारण ऑपरेशननंतरच्या दिवसांत वेदनेच्या औषधांमुळे छातीतलं दुखणं माणसाला कळतही नाही कधीकधी. दुसरी गोळी तिसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः तिच्या तळहातावर ठेवली. त्याच दिवशी वॉकर घेऊन ती दारापर्यंत गेली आणि परत आली आणि हॉस्पिटलचा चहा कसा पाणचट आहे यावर सिस्टरला ऐकवलं.

त्या रात्रीच्या फोनला किती मिनिटं लागली असतील? पंधरा. काकांच्या वेळी ती पंधरा मिनिटं कोणी दिली नव्हती. एवढाच फरक आहे दोन्हीत, औषधं तीच होती.

आता स्टेंट पूर्वीसारखा श्रीमंतांचा राहिला नाही, आणि मला याचा खरंच आनंद आहे. २०१७ च्या फेब्रुवारीत सरकारनं किंमत बांधून दिली, औषधवाला स्टेंट तेव्हा तीस हजारांच्या आत आला, आधी त्याला लाख-सव्वा लाखही मोजावे लागायचे. महात्मा फुले योजनेत तर कितीतरी लोकांचं अँजिओप्लास्टीचं सगळंच पैशाविना होतं. राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडीच्या वाड्यावस्त्यांवरची माणसं जगतायत, शेतात जातायत. पण त्यांची फाईल कुठे असते? ट्रंकेत, पत्र्याच्या डब्यात, पुतण्याकडे. २०१९ च्या पुरात शिरोळकडच्या किती जणांच्या फायली घराबरोबर गेल्या, हायवे बंद, गोळ्या संपलेल्या, माझ्या एका जुन्या पेशंटच्या मुलीचा छावणीतून फोन आला होता की बाबांची दोन दिवस गोळी नाही, काय करू. तिला गोळीचं नाव माहीत नव्हतं, पण फोनमध्ये पट्टीचा फोटो होता, त्या फोटोवरून तिथल्या डॉक्टरांनी दिली. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगते, डिस्चार्ज कार्डाचा आणि गोळीच्या पट्टीचा फोटो घरातल्या दोन जणांच्या मोबाईलमध्ये पाहिजे.

आणि आमच्या डॉक्टर लोकांनाही सांगायचंय. फिटनेसला पाठवलेला पेशंट "फिट फॉर सर्जरी, हाय रिस्क" एवढंच लिहून परत येतो, त्याचं मी काय करू? मला पाहिजे स्टेंट कधी टाकला, अटॅकमध्ये की ठरवून, कुठल्या वाहिनीत, किती, कुठल्या गोळ्या कुठपर्यंत, आणि थांबवायच्या तर कोणती थांबवायची आणि कधी परत सुरू करायची. पाच ओळी. परत कधी सुरू करायची ही ओळ तर जवळजवळ कधीच नसते. ऑपरेशन झालं, पेशंट घरी गेला, डिस्चार्जच्या कागदावर अँटिबायोटिक आणि अ‍ॅसिडिटीची गोळी लिहिली, हार्टची गोळी बंदच राहिली महिनाभर, असंही बघितलंय.

मी माझ्यापुरती एक गोष्ट करते. माझ्याकडे पांढऱ्या चिकट पट्टीचा रोल असतो, त्यावर मार्करनं मराठीत लिहिते, "हार्टच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही बंद करायची नाही", आणि गोळीच्या पट्टीच्या मागे चिकटवते. आबांच्या पट्टीवरही त्या संध्याकाळी लिहिलं होतं, ते तोंड फिरवून बसले असताना.

या महिन्यात आबा परत आले. तीच पिशवी. मी ओतायच्या आधी त्यांनीच हात घातला आणि एकेक वस्तू कॉटवर मांडायला लागले. डिस्चार्ज कार्ड, लॅमिनेशन केलेलं. हार्टच्या डॉक्टरांची चिठ्ठी, अख्खी पाच ओळींची, वर्ष पूर्ण झालं, दुसरी गोळी थांबवलीय, अ‍ॅस्पिरिन कायम, ऑपरेशनच्या दिवशीही. कॅलेंडरचं फाडून आणलेलं पान, गोळी थांबवल्याच्या तारखेला लाल गोल आणि शेजारी नातीच्या अक्षरात "डॉक्टरांनी सांगितली". आणि शेवटी एक रिकामी पट्टी, मागे माझी चिकटपट्टी, अक्षर पुसट झालेलं. प्रत्येक वेळी नवीन पट्टी आणली की ती चिकटपट्टी काढून त्या पट्टीला लावायचे म्हणे, डिंकानं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलावर घेतलं. मी विचारायच्या आधीच म्हणाले, "सकाळची एक घेतलीया, घोटभर पाण्यासंगं." पाठीत सुई घातली, नुसत्या अ‍ॅस्पिरिनवर ती घालता येते. पाय जड झाले, सर्जननी सुरुवात केली. थोड्या वेळानं त्यांनी सिस्टरला सांगितलं, जाळी द्या, हर्नियात पण जाळीच बसवतात. आबांच्या कानावर ते पडलं.

"मॅडम, अजून एक जाळी?"

"हो आबा, ही पोटाला."

"हिच्यासाठी गोळी?"

"नाही, हिला गोळी नाही लागत. पहिलीची चालू ठेवायची."

"ती चालूच हाय," असं म्हणून त्यांनी डोळे मिटले, आणि मी मॉनिटरवरच्या रेघेकडे बघत त्यांच्या मनगटाला हात लावून बसले.